किहीमच्या किनाऱ्यासाठी छोटा कॅमेरा कसा निवडावा?

अलिबागजवळच्या किहीमला एकाच फेरीत प्रकाश तीनदा बदलतो. दुपारी वाळू डोळे दिपवते, नारळ-पोफळीच्या वाडीत दाट सावली असते आणि संध्याकाळी सूर्य थेट समुद्रात मावळतो.

सेन्सर : मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार आधी पाहावा. 'एक इंची' सेन्सर सुमारे १३.२ × ८.८ मिमी असतो, तर स्वस्त कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सुमारे ६.२ × ४.६ मिमी. क्षेत्रफळ चौपट असल्याने मोठ्या सेन्सरवर सावलीतले फोटो कमी दाणेदार येतात.

लेन्स : एफ/१.८ मधून एफ/२.८ च्या जवळपास अडीचपट प्रकाश आत येतो. लेन्सवर १.८-४.९ असे दोन आकडे असतील, तर दुसरा पूर्ण झूमचा. सलीम अलींनी १९३० मध्ये किहीमलाच सुगरणींचा अभ्यास केला. तसे पक्षी टिपायला झूम हवा, पण तेव्हा प्रकाश कमी मिळणार हे धरून चालावे.

व्ह्यूफाइंडर : भर उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, तेव्हा तो उपयोगी पडतो.

वाळू : बाहेर येणाऱ्या झूम लेन्सच्या फटीत कण अडकले की लेन्स जाम होऊ शकते. वाऱ्यात कॅमेरा पिशवीतच बरा.

घेण्याआधी दुकानाच्या दारात आणि आतल्या कोपऱ्यात एकेक फोटो काढून पाहावा.