चक्रीवादळात शिरणारी विमाने आणि गोंदियाचा धान

बंगालच्या उपसागरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्याचा चक्रीवादळाशी संबंध नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. ओडिशा किंवा आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलेले वादळ जमिनीवर क्षीण होते. परंतु त्यातून उरलेले कमी दाबाचे क्षेत्र छत्तीसगडमार्गे पूर्व विदर्भात पाऊस आणू शकते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असे घडल्यास कापणीला आलेला धान आडवा होतो आणि बांधीत कापून ठेवलेल्या कडपा भिजतात. वादळाचा मार्ग आणि तीव्रता दोन दिवस आधी अचूक कळणे म्हणूनच येथेही महत्त्वाचे ठरते.

अंदाज आणि मोजमाप

समुद्रावरील वादळाची तीव्रता भारतात प्रामुख्याने उपग्रहाच्या छायाचित्रांतील ढगांच्या रचनेवरून ठरवली जाते. वादळ किनाऱ्याजवळ आल्यावर रडारची मदत मिळते. उपग्रह ढगांचा माथा पाहतो. केंद्रातील हवेचा दाब आणि पृष्ठभागालगतचा वारा यांचा मात्र त्यावरून अंदाज बांधावा लागतो. विमानातून सोडलेले 'ड्रॉपसाँड' हे उपकरण छोट्या पॅराशूटच्या आधारे खाली येताना दाब, तापमान, आर्द्रता व वारा प्रत्यक्ष मोजून रेडिओद्वारे कळवते.

अमेरिकेत जोसेफ डकवर्थ या लष्करी वैमानिकाने २७ जुलै १९४३ रोजी प्रथमच हेतुपुरस्सर वादळाच्या केंद्रात विमान नेले. आज तेथे हवाई दलाची डब्ल्यूसी-१३०जे विमाने आणि 'नोआ' या शासकीय संस्थेची विमाने हे काम करतात. हा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. 'नोआ'ची पी-३ विमाने १९७०च्या दशकापासून सेवेत आहेत. त्यांची जागा घेण्यासाठी २०२४ मध्ये नव्या सी-१३०जे विमानांचा करार झाला. निधी आटला की काय होते, याचेही उदाहरण आहे. पश्चिम प्रशांत महासागरातील अमेरिकेची नियमित टेहळणी उड्डाणे १९८७ मध्ये बंद झाली आणि त्यानंतर तेथील वादळांची तीव्रता ठरवताना मुख्य भिस्त उपग्रहांवर राहिली.

भारतातील स्थिती

वादळात शिरणारे खास विमान भारताकडे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून 'कायपिक्स' प्रकल्पात विमानांतून ढगांचा अभ्यास केला. सोलापूर परिसरातही अशी उड्डाणे झाली. मात्र त्यांचा विषय मोसमी ढग व कृत्रिम पाऊस हा होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम'ला मंजुरी दिली. त्यात रडार, उपग्रह व महासंगणक यांवर भर आहे.

विमानाशिवायही भारताची प्रगती लक्षणीय आहे. मे २०१९ मधील 'फनी' वादळाच्या वेळी पूर्वसूचनेमुळे ओडिशात दहा लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलवता आले. तथापि मार्गापेक्षा तीव्रतेचा अंदाज बांधणे अधिक कठीण असते आणि तेथेच प्रत्यक्ष मोजमापाची उणीव जाणवते.

विमान, प्रशिक्षित वैमानिक आणि उपकरणे यांवरील खर्च मोठा असतो व तो वादळ नसलेल्या वर्षीही करावा लागतो. खासगी क्षेत्र हा भार स्वतःहून उचलण्याची शक्यता कमी. त्यामुळे या खर्चाचा विचार करताना किनारपट्टीबरोबरच वादळाच्या वाटेवरील धानपट्ट्याचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.