पाहुणी वाद्ये : पेटीपासून प्लगइनपर्यंत

आमच्या हरसूल भागात तारपा कोणाला नवा नाही. वाळलेला भोपळा, वेळूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. एवढ्या सामग्रीवर पाड्यावरचा नाच रंगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातल्या मुलांनी स्नेहसंमेलनासाठी एक गीत संगणकावर बसविले. एका म्हातारबाबांचा तारपा त्यांनी मोबाइलवर मुद्रित करून आणला. ढोल आणि बासरी मात्र संगणकातलीच घेतली. पुढच्या वर्षी संगणक बदलला. गीत पुन्हा उघडून पाहतात तो काय, ढोल गप्प, बासरी गप्प! तारपा तेवढा वाजत होता. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

बाहेरचे वाद्य घरात घेण्याची आपल्याला जुनी सवय आहे. १८४२ साली पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य हिंदुस्थानात आले, पायाऐवजी हाताने भाता ओढायची पेटी झाले, आणि कीर्तनात, भजनात, संगीत नाटकात येऊन बसले. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंतांनी तिला मानाचे स्थान मिळवून दिले. पण तक्रारही होतीच. पेटीचे सूर ठरलेले. त्यांच्यामधली मींड तिला घेता येत नाही. म्हणूनच ऑल इंडिया रेडिओने १९४० च्या मार्चपासून पेटीला बंदी केली. ती १९७१ साली अंशतः उठली. पाहुण्याला घरात घ्यावे की नाही, हा वाद तीस वर्षे चालला म्हणा ना!

पुढे वाद्यांत वीज आली. १९८३ साली ‘मिडी’ नावाची सांकेतिक भाषा ठरली, आणि निरनिराळ्या कंपन्यांची विजेवरची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. मग १९९६ साली जर्मनीतील हँबर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने आपल्या ‘क्यूबेस’ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हीएसटी’ ही सोय आणली. तिचे नियम कंपनीने इतरांनाही खुले केले. घर एकाचे, पण त्याच्या दाराचे माप सगळ्यांना सांगितलेले. त्या मापाचा जिन्नस कोणीही करून आणावा! या बाहेरच्यांनी केलेल्या जिनसांना प्लगइन म्हणतात. सुरुवातीला ती आवाजाला घुमारा देणे, तो स्वच्छ करणे, एवढीच कामे करीत. १९९९ पासून मिडीचा इशारा घेऊन ती स्वतःच वाद्य म्हणून वाजू लागली.

पाहुणे वाढले तसा गोंधळही वाढला. जुन्या प्लगइनांना संगणकात ठराविक जागा नव्हती. एक या फोल्डरात, दुसरे त्या फोल्डरात. २००८ साली ‘व्हीएसटी ३’ आले आणि त्यांची जागा नेमून दिली गेली. विंडोजच्या संगणकावर ती ‘कॉमन फाइल्स’मधल्या ‘व्हीएसटी ३’ या फोल्डरात असते.

आता आमच्या मुलांच्या गीताचे कोडे उलगडेल. गीताच्या फाइलीत प्लगइन स्वतः नसते. त्याचे नाव आणि कोणता सूर केव्हा वाजवायचा, असा मजकूर असतो. नाटकाच्या वहीत ‘येथे ऑर्गन’ असे लिहिलेले असते. म्हणून काही ऑर्गन वहीत सापडत नाही! नव्या संगणकावर ती प्लगइने कोणी बसविली नव्हती, आणि ती कोणती, कोठून आणली, याची नोंदही कोणी ठेवली नव्हती. तारप्याचा मात्र प्रत्यक्ष आवाजच मुद्रित केलेला होता. तो टिकला.

शिक्षकबंधु-भगिनींनो, शाळेत संगणकावर गाणी बसविणार असाल, तर एक साधी वही घाला. प्लगइनचे नाव, आवृत्ती, कोठून घेतले आणि परवाना कोणाच्या नावावर, हे तीत टिपा. प्लगइन मूळ कंपनीकडूनच घ्या. चोरीच्या मालाबरोबर संगणकाचा रोगही घरात येतो. बसविण्याची मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. आणि गीत पुरे झाले की प्रत्येक वाद्याचा आवाज साध्या ‘वेव्ह’ फाइलीत स्वतंत्र उतरवून घ्या. मग प्लगइन हरवले तरी गीत हरवत नाही.

आणखी एक. विकत मिळणाऱ्या संचात पियानो आहे, सतार आहे, तबला आहे. पण आपल्या पाड्यावरचा तारपा त्यात सापडेलच याचा भरवसा धरू नका. तो करणारा कारागीर अंदाजाने भोके पाडतो. त्याचे सूर पेटीच्या पट्ट्यांना विचारून लागत नाहीत. मुलांना तयार संचातलेच सूर ऐकण्याची सवय लागली, तर एक दिवस त्यांना आपला तारपाच बेसूर वाटेल. पाहुण्यांना खुशाल जागा द्यावी. पण घरच्या माणसाला ओसरीवर काढू नये.

ते म्हातारबाबा आता नाहीत. मुलांच्या मोबाइलवरची ती चार मिनिटे आहेत. आम्ही ती तीन ठिकाणी उतरवून ठेवली आहेत, आणि शेजारी बाबांचे नाव, पाडा व तारीख लिहिली आहे. आपल्या गावात असे कोणी वाजविणारे असेल, तर त्यांच्याकडे जायला उद्याची वाट पाहू नका.