आखाड्याची मर्यादा



व्यायामशाळा म्हटली की हल्ली डोळ्यांपुढे लोखंडी यंत्रे आणि भिंतीभर आरसे येतात. आपल्या जुन्या आखाड्यात मात्र तांबड्या मातीत पाऊल टाकण्याआधी तरुणाला जो पहिला धडा मिळे, तो डावाचा नव्हता, वागण्याचा होता.

पायताण उंबरठ्याबाहेर काढावयाचे, मारुतीला नमस्कार करावयाचा, चिमूटभर माती कपाळी लावावयाची आणि वस्तादांची परवानगी घेऊन उतरावयाचे. यात नुसती भाविकता नव्हती. तेल, ताक आणि हळद घालून मळलेल्या त्या मातीत उघडी अंगे घासली जात. पायताणाबरोबर आलेला काटा किंवा घाण कोणाच्या तरी कातडीत शिरणारच. नखे कापणे, अंगठी-कडे उतरविणे, जखम झालेल्याने बाहेर बसणे, यांचे कारणही तेच. दुसऱ्याच्या देहाची जबाबदारी आपल्यावर आहे, हे या साऱ्या नियमांचे मूळ होय.

माती खणण्याची पाळी प्रत्येकावर येई, मग तो सावकाराचा मुलगा असो की मोलकऱ्याचा. जोर करताना थोराने लहानाशी त्याच्या ताकदीप्रमाणे खेळावे आणि चीत केलेल्या गड्याला हात देऊन उठवावे, हा प्रघात होता. जिंकणाऱ्याची खरी पारख तेथे होई.

अर्थात ही रीत सर्वांना सारखी लाभली, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पुष्कळ गावी जात आखाड्याच्या दाराशी आडवी येत असे आणि स्त्रियांना त्या मातीत स्थानच नव्हते. मर्यादा दुसऱ्याच्या देहाचा मान शिकविते खरी. परंतु दुसरा कोण, हे ठरविताना समाज कमी पडला.

मातीत शिकविलेली ही मर्यादा मातीबाहेर किती टिकते, याची कसोटी आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. नागपंचमी हा कुस्त्यांचा दिवस. १९४२ साली ती १६ ऑगस्ट रोजी आली आणि त्याच दिवशी चिमूर पेटले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तेथील माणसे आधीच जागी झाली होती. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण पडला. जमाव खवळला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. मग सैन्य आले. गावातील पुरुष धरले गेले आणि घरात उरलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. संतापलेल्या गर्दीचे बळ तर बेभान झालेच. पण शस्त्र हाती असलेल्या शिस्तबद्ध शिपायांचे बळ निराधारांवर तुटून पडले, ते अधिक लाजिरवाणे होते. कवायत होती, मर्यादा नव्हती.

या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. त्या कृश माणसाने कोणावर बोट उगारले नाही, तरी राज्यसत्तेच्या बळाला तिची मर्यादा दाखविण्याचे काम त्याने केले. वस्ताद दुसरे काय करतो?

बळ आणि मर्यादा यांची सांगड एखादी संस्था कशी घालू शकते, हे पाहण्यास विदर्भाबाहेर जावे लागत नाही. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी व्यायामाची प्रात्यक्षिके जगापुढे मांडली. जो उंबरठा जुन्या आखाड्याने स्त्रियांपुढे उभा केला होता, तोही पुढे तेथे ओलांडला गेला. मुलीही व्यायामाचे शिक्षण घेऊ लागल्या.

आज चंद्रपुरात काय, गडचिरोलीत काय, तरुण मुलगे आणि मुली एकाच दालनात व्यायाम करताना दिसतात. माती गेली, यंत्रे आली. तरी उचललेले वजन जागेवर ठेवणे, घामाने ओली झालेली बैठक पुसणे, आपली पाळी संपताच दुसऱ्याला वाट देणे, नवख्याला न हसणे आणि शेजारी व्यायाम करणाऱ्या मुलीकडे टक लावून न पाहणे, हे जुन्याच पाठाचे नवे शब्द आहेत. दंड किती फुगले, हे आरसा सांगेल. त्या दंडांची भीती वाटते की आधार वाटतो, हे मात्र शेजाऱ्यालाच विचारावे लागेल.