गुणात्मक संशोधनातील आकडे व मोजणी

मुलाखती, प्रत्यक्ष निरीक्षण, गटचर्चा, पत्रे, निवेदने यांच्या आधारे केलेल्या संशोधनात होणारा संख्यांचा वापर. लोक आपल्या अनुभवाचा काय अर्थ लावतात, यावर अशा संशोधनाचा भर असतो. म्हणून त्यात मोजायचे नसते, असा समज रूढ आहे. तो टिकणारा नाही. ‘बहुतेकांनी’, ‘काही जणींनी’, ‘वारंवार’ असे लिहिणाऱ्याने मनातल्या मनात मोजलेलेच असते. वाचकाला ती मोजणी तपासता येत नाही, एवढेच. मार्गारेट सँडेलोव्स्की (२००१) आणि जोसेफ मॅक्सवेल (२०१०) यांनी गुणात्मक संशोधनातील आकड्यांचे समर्थन केले, तसेच त्यांचे धोकेही दाखवले.

या संशोधनात आकडे दोन वाटांनी येतात. पहिली वाट म्हणजे लोकांनीच सांगितलेले आकडे. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात असलेल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांचे निवेदन हे याचे बोलके उदाहरण होय. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीक हातचे गेलेल्या दहा कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्यावेत, असे मुख्यमंत्र्यांना कळवले. यकृत ९० हजार, मूत्रपिंड ७५ हजार, डोळे २५ हजार रुपये, असे दरही दिले. या आकड्यांची सरासरी काढून हाती काही लागणार नाही. ते वाचायचे असतात. शेतमालाचा भाव ज्याला कधी ठरवता येत नाही, त्याने इथे स्वतःच्या देहाचा भाव ठरवला आहे. हा उपहास आहे, हिशेब आहे आणि सरकारी कागदाच्या भाषेत केलेली तक्रारही आहे. दहा या संख्येवरून तालुक्यातील कर्जबाजारीपणाचे प्रमाण काढणे मात्र चूक ठरेल.

दुसरी वाट संशोधकाने केलेल्या मोजणीची. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालासाठी वर्धा, यवतमाळ आणि वाशीम जिल्ह्यांतील आत्महत्याग्रस्त १११ कुटुंबांशी बोलणे झाले. घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतींतून कारणे वेगळी करून मोजली गेली. कर्ज सुमारे ८७ टक्के घरांत आढळले, आर्थिक स्थितीची घसरण ७४ टक्के, घरातील इतरांशी तंटा ५५ टक्के, तर नापिकी ४१ टक्के. बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते, आणि या मोजणीचे मोल नेमके त्यातच आहे. एका मृत्यूमागे एकच कारण शोधणाऱ्या बातमीला आणि ‘दारूमुळे मेला’ म्हणून मोकळे होणाऱ्यालाही हे आकडे एकाच वेळी खोडून काढतात. कारणे एकमेकांत कशी गुंतली, हे मात्र टक्केवारी सांगत नाही. त्यासाठी पुन्हा त्या घरच्या हकिकतीकडेच जावे लागते. आत्महत्या न झालेल्या घरांशी तुलना याच अभ्यासात केली गेली. तसे केले नसते, तर सर्वत्र असलेले कर्ज आणि जीवघेणे कर्ज यांत फरक करता आला नसता.

शासनाची मोजणी वेगळ्या हेतूने चालते. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. त्यासाठी जमीन, मान्यताप्राप्त कर्ज आणि थकबाकी यांचे कागद लागतात. सातबारावर नाव नसलेली, शेतात राबणारी स्त्री किंवा वाट्याने शेती करणारा माणूस या गणतीतून सहज निसटतो. म्हणून ‘अपात्र’ प्रकरणांची संख्या दुःखाचे माप मानता येत नाही. कागद कोणाकडे असतात आणि कोणाकडे नसतात, याचा मात्र तो चांगला पुरावा ठरतो.

संख्या नेमके काय सांगते, हा प्रश्न संग्रहित सामग्रीतही येतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या आणि विषयवार वर्गीकृत केल्या. यात मोजायचे एकक काय, हेच आधी ठरवावे लागते : एका शब्दाच्या फरकाने आलेली ओवी वेगळी धरायची की तीच? शिवाय पुणे जिल्ह्यातील मुळशी-मावळ भागातील ओव्यांची भर संग्रहात मोठी आहे. तिथे कार्यकर्त्यांचा वावर अधिक होता. इतर भागांतील बायका कमी गात असत, असा निष्कर्ष त्या संख्येवरून निघत नाही.