दि. बा. पाटील : कूळकायदा ते साडेबारा टक्के

सुधारित कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई राज्यातील कुळे कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानली गेली. त्याच वर्षी शेतकरी कामगार पक्षाचे दिनकर बाळू पाटील पनवेलमधून विधानसभेवर निवडून आले. हा योगायोग खरा. परंतु त्यांच्या कारकीर्दीचा अर्थ लावताना तो दृष्टीआड करता येत नाही.

पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरणजवळील जासई येथे आगरी शेतकरी कुटुंबात झाला. व्यवसायाने ते वकील होते. कुलाबा जिल्ह्याच्या या उत्तर भागात भातशेती, मिठागरे व खाडी यांवर निर्वाह चाले, आणि खोतीविरुद्धच्या लढ्याची स्मृती ताजी होती. चरीच्या संपाची (१९३३-३९) परंपरा शेतकरी कामगार पक्षाला येथे आयतीच लाभली. पनवेलने पाटील यांना पाच वेळा विधानसभेत पाठविले, आणि १९७२ च्या निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे आले.

तोपर्यंत प्रश्नाचे स्वरूपच पालटले होते. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी राखून ठेवण्यात आल्या. ज्या कुळाला शासनाने मालक केले, त्याच्याच दारी शासन तेरा वर्षांनी भूसंपादनाची नोटीस घेऊन आले. मोबदला वाढवून मागणे हा वकिली मार्ग झाला. पाटील यांच्या राजकारणाचे वेगळेपण असे की, येथे मागणी केवळ किमतीपाशी थांबली नाही. जी जमीन शहर होऊन शतपटीने महाग होणार, तीत मूळ धन्याचा वाटा असावा, असा हक्क पुढे आला. संसदीय मार्गाने तो मिळाला असता काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. घडले ते रस्त्यावर. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वर्षाअखेरीस, काँग्रेसच्या अभूतपूर्व लाटेतही, कुलाब्याने पाटील यांना लोकसभेवर निवडून दिले. १९७७ नंतरचा हा त्यांचा दुसरा विजय.

साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा शासननिर्णय १९९० मध्ये झाला. त्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे : हिस्सा संपादित जमिनीच्या प्रमाणात होता, आणि केवळ खाडीवर वा मजुरीवर जगणाऱ्याचे नुकसान अशा सूत्रात मावणारे नव्हते. न्हावा-शेवा बंदरासाठी जमीन गमावलेल्यांना तर पुष्कळच थांबावे लागले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले, पाटील २४ जून २०१३ रोजी निवर्तले, आणि या बंदरग्रस्तांपैकी काहींच्या हाती साडेबारा टक्क्यांची पत्रे ऑगस्ट २०१४ मध्ये पडली.