विहारचें पाणी आणि गॅलनाचें माप

विक्रोळीच्या वायव्येस पवई आणि पवईच्या पलीकडे विहार. मिठी नदी अडवून बांधलेल्या या तलावाचें पाणी 1860 सालीं मुंबईस मिळूं लागलें. तोंवर शहराची भिस्त विहिरींवर व तळ्यांवर होती. विहारचा पुरवठा दररोज सुमारें सत्तर लक्ष गॅलनांचा होता. आज महानगरपालिका पाणी दशलक्ष लिटरांत मोजते. तेव्हां या आंकड्याचें रूपांतर करणें प्राप्त होतें, आणि घोटाळा होतो तो येथेंच. 1824 च्या कायद्यानें ठरलेला इंग्रजी गॅलन दहा पौंड पाण्याचा, म्हणजे 4.546 लिटरांचा. अमेरिकन गॅलन जुन्या मद्यमापावरून आलेला, तो 3.785 लिटरच भरतो. पहिल्यानें गुणिल्यास विहारचें पाणी 3 कोटि 18 लक्ष लिटर, दुसऱ्यानें 2 कोटि 65 लक्ष. रोजचें अर्ध्या कोटीहून अधिक लिटर पाणी कागदावरच आटलें म्हणावयाचें! मुंबईचा कारभार इंग्रजी मापानें चाले. अर्थात् पहिलाच आंकडा ग्राह्य.

इंजिनियरांचा क्यूसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, अथवा 28.32 लिटर. दिवसाचे 86,400 सेकंद धरतां तो 24 लक्ष 47 हजार लिटर होतो. या हिशेबानें विहारचा तो सारा पुरवठा अवघा तेरा क्यूसेक भरतो; भर पावसाळ्यांत मिठीच्या पात्रांतून याच्या कित्येक पट पाणी समुद्रास मिळतें.