हळदीचा डाग आणि ‘रंग’ नावाचा माणूस

आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका पांढऱ्या कुर्त्यापासून.

मावसबहिणीची हळद होती. कुर्ता कॉटनचा, पांढराशुभ्र, आणि मी शहाणा माणूस तो घालून पहिल्या रांगेत उभा. पुढचं सांगायला नको. घरी येऊन साबण लावला तर डाग पिवळ्याचा लालभडक झाला. आई म्हणाली, “घास नुसता, जातोय का बघू.” नाही गेला. पाण्याने नाही, साबणाने नाही.

हळदीतलं कर्क्युमिन कापसाच्या धाग्याला असं का धरून बसतं? कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. काही रेणू त्याच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतात, काही सैल, काही नुसते वाहून जातात. याला पुस्तकी भाषेत अधिशोषण म्हणतात. अकरावीत हा शब्द मी पाठ केला, दोन मार्क घेतले आणि विसरलो. पण याच चिकटण्यावर एका माणसाने अख्खं शास्त्र उभं केलं. त्याचं नाव मिखाईल त्स्वेत.

त्स्वेत १८७२ साली इटलीतल्या आस्ती गावात जन्मला. वडील रशियन, आई इटालियन. आई लगेचच वारली. पोरगा स्वित्झर्लंडमध्ये वाढला, जिनिव्हात शिकला, १८९६ला डॉक्टरेट घेतली आणि रशियात गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं की तुमची स्विस डिग्री इथे चालत नाही. झालं, परत पहिल्यापासून! १९०१मध्ये कझान विद्यापीठातून पुन्हा पदवी मिळवली, मग वॉर्सात नोकरी धरली. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं.

तो वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याच्यापुढचं कोडं साधं होतं. हिरवं पान पेट्रोलियम ईथरमध्ये घातलं की फक्त पिवळं कॅरोटीन सुटतं. हिरवं द्रव्य पानातच राहतं. पण त्यात थोडं अल्कोहोल घाला, सगळं धडाधड बाहेर. लोक म्हणायचे, हरितद्रव्य ईथरमध्ये विरघळतच नसेल. त्स्वेतने तपासलं तर एकदा पानातून बाहेर काढलेलं हरितद्रव्य त्याच ईथरमध्ये मस्त विरघळत होतं! म्हणजे अडचण विरघळण्याची नव्हतीच. पानातलं काहीतरी त्याला धरून ठेवत होतं.

आता बघा हं, मला सगळ्यात आवडलेला भाग हा. त्याने पानातून काढलेले रंग गाळणकागदावर सुकवले. गाळणकागद म्हणजे पुन्हा सेल्युलोजचे धागे, माझ्या कुर्त्याचेच भाऊबंद. मग त्यावर ईथर ओतलं. कागद अगदी पानासारखाच वागला! कॅरोटीन सुटलं, हिरवं कागदाला चिकटून राहिलं. अल्कोहोल टाकल्यावर तेही सुटलं. आम्ही कोडिंगवाले याला ‘बग रिप्रोड्यूस करणं’ म्हणतो. पान बाजूला ठेवून साध्या कागदावर तीच गोष्ट घडवून दाखवली, म्हणजे कारण नक्की सापडलं.

मग त्याच्या डोक्यात आलं, प्रत्येक द्रव्य वेगवेगळ्या जोराने चिकटत असेल, तर त्यांची शर्यतच लावू की! शंभराहून जास्त पदार्थांची पूड वापरून पाहिली. साखरसुद्धा सोडली नाही. काचेच्या बारीक नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची पूड ठासून भरली, वरून पानाचा अर्क आणि मागोमाग द्रावक सोडलं. कमी चिकटणारं कॅरोटीन पुढे पळालं, बाकीचे मागे रेंगाळले, आणि नळीत हिरवे-पिवळे पट्टे उभे राहिले. कळलं की ‘हरितद्रव्य’ एक नाही, दोन आहेत, शिवाय पिवळीही बरीच आहेत.

१९०३मध्ये वॉर्सात त्याने यावर व्याख्यान दिलं. १९०६मध्ये जर्मन नियतकालिकात लेख लिहून पद्धतीला नाव दिलं, क्रोमॅटोग्राफी. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ रंगलेखन. गंमत म्हणजे रशियनमध्ये ‘त्स्वेत’चा अर्थही रंगच!

आणि मग? मग काहीच नाही. रसायनशास्त्रज्ञांनी मानलंच नाही. त्यांना बाटलीभर शुद्ध स्फटिक हवे होते. हा गडी दाखवत होता नळीतले चिमूटभर रंग, तेही वनस्पतिशास्त्रज्ञ असून. रिचर्ड विलस्टेटर या विषयातले मोठं प्रस्थ. त्यांचं म्हणणं पडलं की ही पद्धत भरवशाची नाही, पुडीवर हरितद्रव्य बिघडतं. विलस्टेटरना १९१५चं नोबेल मिळालं, वनस्पतींतल्या रंगद्रव्यांसाठीच. हे वाचताना मला एक मीटिंग आठवली. मी छोट्या डेटावर चालवून दाखवलेलं काम “एवढ्याशावर काय सिद्ध होतं” म्हणून एका सिनियरने उडवलं होतं. असो, माझं काम काही क्रोमॅटोग्राफी नव्हती.

त्स्वेतचे दिवस वाईट आले. महायुद्धात वॉर्सा सोडावं लागलं. मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, युरेव्ह अशी वणवण करत तो व्होरोनेझला पोचला आणि तिथे १९१९मध्ये वारला. वय ४७.

पद्धत १९३१मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला परत उठली. रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी तीच नळी वापरून गाजरातलं कॅरोटीन फोडलं. एक समजत होते, ते निघाले दोन!

पुढचं वळण लोकरीच्या नादात आलं. इंग्लंडमध्ये लीड्सला लोकर उद्योगाची संशोधन संस्था होती. लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी कशी करायची यावर तिथे आर्चर मार्टिन डोकं लढवत होते, साथीला रिचर्ड सिंज. १९४१मध्ये दोघांनी मांडलं की नळीत एक द्रव जागेवर थांबवायचा आणि दुसरा त्याच्यावरून वाहू द्यायचा. १९४४मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी त्यासाठी घेतला काय, तर गाळणकागद! त्याचे धागे पाणी धरून ठेवतात. वरून दुसरं द्रावक सरकत गेलं की प्रत्येक द्रव्य आपापल्या अंतरावर थांबतं. अमिनो आम्लांना रंग नसतो, म्हणून निनहायड्रिन लावून तापवायचं, की जांभळे ठिपके उमटतात. मार्टिन आणि सिंज यांना १९५२चं नोबेल.

यंत्र नाही, पाण्यासारखा पैसा नाही. कागदाची शीट आणि एक रात्र. शारगाफ यांनी डीएनएतले ए आणि टी, जी आणि सी जोडीजोडीने सारखे असतात हे याच कागदावर मोजलं. सँगर यांना इन्सुलिनची साखळी जुळवताना तो कामी आला. कॅल्व्हिन यांच्या प्रयोगशाळेत शेवाळाला किरणोत्सारी कार्बन ‘खायला’ घालून, मग कागदावर ठिपके पाहून, झाड उन्हात साखर कशी बनवतं ते उलगडलं. त्स्वेतच्या हिरव्या पानात साखर कशी बनते, ते गाळणकागदानेच दाखवलं की!

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी पालकाचा ठिपका आणि कागदाची पट्टी घेऊन हेच केलं होतं. पट्टे धड उमटले नाहीत म्हणून शेजारच्याची पट्टी बघून आकृती काढली, सही घेतली. ‘त्स्वेत’ हे नाव जर्नलमध्ये होतं की नाही तेही आठवत नाही.

आणि कुर्ता? तो आईने दोन दिवस कडक उन्हात वाळत घातला. कर्क्युमिन धाग्याला कितीही चिकटो, उजेडात ते तुटतं. डाग पुसट झालाय. खिशाजवळ थोडा आहे अजून.

चला, पुढच्या भागात भेटू.